मधली उडी

मार्गिलान, मंगळवार

प्रिय मोहिगुल,

तुझा फोन ठेवला आणि तंदूर तापलेला असूनही मी तशीच बसून राहिले. कोरियातल्या सोलच्या विद्यापीठाने बोलावलं, शिष्यवृत्ती दिली, आणि तू म्हणतेस, शुक्रवारी नकार कळवणार. का, तर आई एकटी पडेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून ताश्कंदच्या टॅक्सीवाल्याबरोबर हे पत्र पाठवते आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी कणीक मळायचे आणि तू परीक्षेचे प्रश्न वाचून दाखवायचीस. गावात दवाखाना उघडला, आजाऱ्यांचा आकडा वाढला, म्हणजे दवाखान्यामुळेच लोक आजारी पडतात. हा युक्तिवाद कशाने दुबळा होईल? मी म्हणाले, डॉक्टर भला माणूस आहे. तू पोट धरून हसलीस. "आई, डॉक्टरचा स्वभाव कोणी विचारलाय? दिलेलं खरं धर, आणि निष्कर्षाकडे जाताना मध्ये उडी कुठे मारली ते बघ." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी आजारी माणसं घरीच कण्हत पडायची, त्यांना मोजणार कोण? त्या दिवशी पहिला गरम नान तू मला दिलास.

आता तुझा युक्तिवाद घेते. नवरोजला आलीस तेव्हा आई वाळलेली दिसली. चहाच्या दोन पियाल्या मांडलेल्या दिसल्या. आणि बाबा रशियात कामाला निघताना, उरलेला परत येऊन खायचा या आपल्या रिवाजाने, एक घास तोडून गेले तो नान, जो ते तिकडेच वारल्यावरही मी खिळ्यावरून काढला नव्हता, तो भिंतीवर दिसला नाही. म्हणजे आई खचली.

दिलेलं सगळं खरं आहे, पोरी. वाळले, कारण दोन दाढा काढल्या आणि नुसत्या शोरब्यावर दिवस काढले. दुसरी पियाली बाबांच्या नावाची नव्हे, शेजारच्या होजारखालाची. रोज येते, माझी खडीसाखर फस्त करते. काल तुझं ऐकून म्हणाली, "पोरगी परीक्षेत पहिली आणि घरात नापास. मला विचारायचं तरी." पण नानचं तू विचारणार तरी कशी? गेलेल्या माणसाचा विषय आपल्याकडे मुलगी आईपुढे काढत नाही, आणि मीही काढला नाही.

तुझी आठवण येणार नाही असं मी म्हणत नाही. येईल, आणि मी रडेनही. तेही खरं धर. पण त्यातून तू जाऊ नयेस असं निघत नाही.

बाबांचा नान मीच काढला. परत न येणाऱ्याची वाट बघणं पुरे झालं असं वाटलं. चुरून चिमण्यांना घातला, खूप रडले आणि मग शांत झोपले. तू रिकामा खिळा बघितलास आणि आईची आशा संपली असं धरून चाललीस. संपली असती तर खिळाही उपटला असता. तेव्हा शुक्रवारी होकार कळव, आणि निघण्याआधी घरी ये. मी नान भाजते, तू एक घास तोड. बाकीचा त्याच खिळ्याला टांगीन, आणि तो तू येऊन खायचास.

तुझीच,
आई