अकरा वर्षांत माणसाळलेलं रानभात

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (एरवी आपण हे नुसतं लिहितो, या खेपेला मी खरोखर पालथा पडलोय असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? दुखायचा थांबला पण अजून वाजतो, असं तू लिहिलं होतंस. इकडे सगळी बरी आहेत. मीही बरा आहे, म्हणजे जेवतो-खातो. फक्त आठ दिवस झाले, कामावर मागच्या दाराने जातो आणि कुणी नुसतं "काय, कसं काय" म्हटलं तरी माझे कान गरम होतात.

माझं काम तुला ठाऊकच आहे. बियाणं जपायच्या केंद्रात मी वाफे सांभाळतो. आपल्या पिकांचे रानात राहिलेले नातेवाईक असतात, काटेरी, कडवट, कुणाचं न ऐकणारे. ते नाहीसे होऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना लावतो, बी घेतो, पुन्हा लावतो. कारण शेतातल्या लाडावलेल्या पिकावर रोग आला की त्याचा उतारा या आडदांड भाऊबंदांच्याच रक्तात सापडतो. माझ्याकडे रानभाताचा वाफा आहे. त्याचं पहिलं बी तुझ्या तळ्याच्या काठचं, अकरा वर्षांपूर्वी मीच ओंजळभर नेलेलं (हा कचरा कशाला नेतोस, असं तू विचारलं होतंस). तसलं भात अजून दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

आता माझा स्वभाव. घरातल्या चपला मी रेषेत लावतो हे तू पाहिलं आहेस. शेजाऱ्यांचं पायपुसणंही जाता-येता सरळ करायचो (त्यांनी ते हल्ली आत घेतलंय). अशा माणसाच्या हाती रानभात देणं ही वरिष्ठांची चूक, पण मी ती त्यांच्यावर ढकलत नाही. हे भात म्हणजे अंगभर कुसळं, पिकलं की दाणे जमिनीवर सांडणार, निम्मं बी दोन-दोन वर्षं उगवायचं नाव काढणार नाही, आणि उगवलं की शेजारच्या वाफ्यात तंगड्या पसरणार. मी त्याला शिस्त लावली. वेळेवर उगवलं ते ठेवलं, उशिरा आलेलं उपटलं. आडवं पसरलं तेही उपटलं. सांडलेले दाणे कोण वेचत बसणार (माझी कंबर तुला माहीत आहे), म्हणून ज्या रोपांनी दाणे धरून ठेवले त्यांचंच बी दरवर्षी घेतलं. तुझ्या तळ्याचं मूळ बी थोडं बरणीत उरलं होतं, ते जुनं झालं म्हणून दुसऱ्याच वर्षी पाखरांना घातलं. बरणी मात्र घासून-पुसून ठेवली. वाफा इतका देखणा झाला की नीटनेटकेपणाची ढाल मला तीनदा मिळाली.

मग नव्या डॉक्टरबाई आल्या (माणसांच्या नव्हेत, रोपांच्या). शेतांवर करपा रोग फार पसरलाय, तेव्हा रानभात त्याला दाद देतं का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी वाफ्यातल्या काही रोपांना तो रोग मुद्दाम लावला. माझी रोपं चौथ्या दिवशी माना टाकून पडली, तीसुद्धा सगळी एकाच दिशेला, रांगेत. बाईंनी आवाज न चढवता विचारलं, बी कोणत्या रोपांचं घेता. मी छाती पुढे काढून सगळी पद्धत सांगितली, ढालींसकट. त्या तिथल्याच एका पालथ्या बादलीवर बसल्या. "रानातलं भात शेतातलं व्हायला माणसांना हजारो वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "तुम्ही अकरा वर्षांत केलंत." आत्या, मला ते कौतुक वाटलं. मी म्हणालो, "सगळी आपली कृपा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं, तेही हळू, मला वाईट वाटू नये म्हणून. जे जपायला माझ्या हाती दिलं होतं, नेमकं तेच मी एकेक करून उपटून फेकलं, आणि वर दरवर्षी तुला त्या वाफ्याचे फोटो पाठवले. मला फार लाज वाटते. घरी अजून सांगितलेलं नाही. बायकोला वाटतं माझं पोट बिघडलंय, त्यामुळे आठ दिवस पथ्यावर आहे आणि तेही मुकाट्याने खातो.

सर्वांना यथायोग्य सांग. गुडघा शेकत जा.

तुझा,
तोंड लपवणारा भाचा

ता. क. रविवारी बाईंना घेऊन तुझ्याकडे येतोय. मूळ भात तळ्याकाठी सुखरूप आहे, असं मी त्यांना छातीठोक सांगून बसलोय. तोवर त्याला कुणालाही हात लावू देऊ नकोस, आणि रविवारी मलाही लावू देऊ नकोस.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं. भात आता माझ्या वाफ्यात सुरक्षित आहे, तेव्हा तुझ्या काठावरचं हे गबाळ मुळासकट काढून दगडी कठडा बांध, असं त्यात होतं. सोबत नकाशाही होता, मोजमापासह. या पत्राबद्दल बाईंना काही बोललेलो नाही. माझं तू कधीच काही ऐकत नाहीस, अशी तक्रार मी सगळ्या नातेवाइकांत करत आलोय. आत्या, हात जोडून विचारतो, तेव्हाही तू माझं ऐकलं नाहीस ना?