डेझी दिसेपर्यंत

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुम्हांला त्या डेझीबद्दल सांगावंसं वाटतंय. वर्गात तुम्ही ‘फ्रेश ॲज अ डेझी’ शिकवलंत आणि वाक्यात उपयोग करायला सांगितलात. खडेबाजारातला मुळा डेझीसारखा ताजा असतो, असं मी ठोकून दिलं. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "मुळ्याला नव्हे गं, माणसाला म्हणायचं. छान झोप झालेल्या, टवटवीत माणसाला." मग तुमची नजर माझ्या तारवटलेल्या डोळ्यांवर गेली. पहाटे उठून, मागासाठी सुताच्या कांड्या भरून मी शाळेत येत असे. माझे वडील, आप्पा, आता माझी शाळाच बंद करणार होते. हे तुम्ही त्या दुपारी माझ्याकडून काढून घेतलंत.

रविवारी सकाळी तुम्ही आप्पांशी बोलायला शहापुरात आमच्या गल्लीत आलात, तर पाजणी चाललेली. मागावर चढवायचा ताणा गल्लीभर पसरलेला, आणि आप्पा कुंचल्यानं त्याला खळ लावताहेत. आमचं दार पलीकडे. खळ वाळेपर्यंत ताण्याखालून कुणी जायचं नाही, ही आमची रीत. परकी माणसं हमखास वाकून घुसायची आणि आप्पांच्या शिव्या खायची. तुम्ही मात्र उन्हात उभ्या. मी दारात, जीव मुठीत धरून. ताणा गुंडाळल्यावर आप्पा ओशाळून म्हणाले, "बाई, लई येळ उभ्या ऱ्हायलासा. दमलासा न्हवं?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "सांग गं, मी कशी आहे?"

"फ्रेश ॲज अ डेझी," मी म्हटलं. तुमचं पोलकं घामानं भिजलेलं. आप्पांनी अर्थ विचारला, मी सांगितला.

"असलं फूल तू बघितलंयस व्हय?"

"न्हाय, आप्पा."

त्यांनी खळीचे हात पुसले. मग म्हणाले, "बरं. बघूस्तवर शीक."

बाई, त्या एका शब्दावर मी मॅट्रिक झाले, तुमच्यासारखी मास्तरीण झाले. तुम्ही उन्हात उभ्या राहिलात म्हणून. हे तुमच्यापाशी कधी बोलले नाही, त्याची फार हुरहूर वाटते. आणि आणखी एक. त्या रविवारनंतर दुसऱ्याच आठवड्यात कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यापुढे मला ती दिसली. पांढरी, चिमुकली. माळ्याला नावही विचारलं, डेझीच. घरी आले तर आप्पा मागावरूनच म्हणाले, "काय गं, दिसलं का फूल?"

मी म्हटलं, "अजून न्हाय."