धाकटीच्या नावे घर

मी, निवृत्त शिक्षक आणि सभांतून घसा फोडणारा वक्ता, वय एकोणऐंशी, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. उलट मजकुराचा असाच दाखला मी सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीसाठी घेतला होता.

१. टंचाईच्या वर्षांत धाकटी घास उशीत लपवू लागली, भिंतींशी बोलू लागली. मनोरुग्णालयाचा नियम होता: ज्याच्या सहीने माणूस आत, त्याच्याच सहीने बाहेर. सही माझी. पुढे हाच नियम मोडावा म्हणून मी गावोगाव गरजलो, "कुलपे काढा!" कायदा झाला, कुलपे निघाली, गल्लोगल्ली उपचार केंद्रे आली. आतल्यांना न्यायला कोण येणार, हे मात्र आम्ही कायद्यात लिहिलेच नाही. मीही गेलो नाही. मला सभा होत्या.

२. माझ्या पश्चात राहते घर धाकटीचे. उजेडाची मागची खोली तिला द्यावी. दाराला कडी आतून असावी, बाहेरून नको.

३. पुस्तके मुलाला. "बाबा, आत्या इथे आली तर लोक काय म्हणतील?" असे त्याने विचारले. साऱ्या देशाला शिकवले, घरचाच विद्यार्थी नापास! दोष मास्तरांचा. तरी आत्याला त्रास दिल्यास पुस्तकेही मिळणार नाहीत.

४. भाषणांच्या वह्या रुग्णालयातल्या नर्सबाईंना. मागची पाने कोरी आहेत, कामाला येतील.

काल हा मसुदा घेऊन मी रुग्णालयात गेलो. धाकटीचे केस पांढरे झालेले प्रथमच पाहिले. नर्सबाईंनी तिला सगळे वाचून दाखवले. विणकाम न थांबवता ती म्हणाली, "म्हणजे दादा, तू मेल्यावर मी घरी यायचं?"

मी नर्सबाईंच्या हातून कागद घेऊन कलम दोन पुन्हा वाचले.

"आणि तू लवकर नाही मेलास तर?"

५. सबब कलम दोनमधले 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडत आहे. वकील म्हणतात, "मास्तर, मृत्युपत्रात असं चालत नाही." नसेल चालत. सोमवारी बक्षीसपत्र करू. तोवर मला काही झाले, तर हा कागद आहेच. धाकटी सकाळपासून पिशवी घेऊन फाटकाशी बसली आहे, जेवायलाही उठत नाही, असा नर्सबाईंचा निरोप आहे.

साक्षीदार: शेजारचे शिंपी, कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई.

स्थळ: राहते घर. शनिवार, चौदा मार्च, दुपारी दोन.

सही घाईत वेडीवाकडी आली आहे. गाडी दारात उभी आहे.