तेवीस विहिरी आणि एक रिकामी जागा

मी, वैजनाथ रंगनाथ डिग्रसकर, वय वर्षे ७०, सेवानिवृत्त, मूळ राहणार परळी, हल्ली राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारावे. त्यांच्या प्रत्येक परिपत्रकाला मी आजही त्याच दिवशी लेखी उत्तर देतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळचे कोणी उरलेले नाही, हेही येथे नमूद करतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझा राहता फ्लॅट, त्यातील सामान आणि बँकेत जे काही असेल ते, माझा पुतण्या चि. दिग्विजय यास द्यावे. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. मुलगा चांगला आहे. फोन कानाला लावून पाया पडतो, पण पडतो. फ्लॅट विकायचा तर त्याने खुशाल विकावा. मात्र बाल्कनीतला पावसाचे पाणी मोजायचा डबा भंगारात घालू नये. तो वरच्या मजल्यावरच्या कल्याणीताईंना द्यावा. त्या रोज सकाळी विचारतात, “किती झाला हो?” आता त्यांनीच मोजावे.

२. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी माफ केलेले नाही. पार्किंगची जागा ते कागदावर दर वर्षी नव्या नावाने दाखवतात. जागा तीच असते आणि माझी स्कूटर तिच्यात मावत नाही ती नाहीच. स्कूटर दिग्विजयने न्यावी.

३. आता माझी खरी मालमत्ता.

मी जलस्तर अभ्यास मंडळ, पुणे, या संस्थेत एकोणतीस वर्षे नोकरी केली. १९७२ च्या दुष्काळानंतर मंडळाने वाघोली परिसरातल्या तेवीस विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी मोजायचे ठरवले. तेव्हा वाघोली म्हणजे नगर रस्त्यावरचे गाव होते, ज्वारीचे. मोजणीचे काम स्थानिक माणसाकडे द्यावे असा आदेश होता. मी ते मुक्ताई गेनबा भाडळे यांना दिले. त्या विधवा होत्या, वय पंचवीस, दिराच्या घरी राहत. अंक लिहिता येत होते, अक्षरे नंतर शिकल्या. पोलादी फितीच्या टोकाला खडू घासायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते पाहायचे. हे मी त्यांना एकदाच दाखवले. दुसऱ्यांदा त्यांनी मला दाखवले, कारण मी फीत काठावर तिरकी धरत होतो.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी स्कूटरवरून वाघोलीला जाऊन वही तपासत असे. सत्तावीस वर्षांत तीन शनिवार चुकले.

४. माझी एक चूक येथे कबूल करतो, कारण तिच्यावरच पुढचे सगळे उभे आहे.

आम्ही विहिरींची नोंद मालकाच्या नावाने करत होतो. गावात विहिरीला तसेच ओळखतात. १९७४ साली सोनबाने आपले रान पुण्याच्या एका डॉक्टरांना विकले आणि ‘सोनबाची विहीर’ लोकांच्या तोंडी ‘डॉक्टरची विहीर’ झाली. मी वहीवरून अहवाल लिहिला. त्यात म्हटले की पूर्वेकडची एक विहीर नोंदीतून नाहीशी झाली असून तिथेच एक नवी विहीर आढळते, आणि दोहोंच्या पाणीपातळीत ‘विलक्षण साम्य’ आहे. या विलक्षण साम्यावर मी अर्धे पान खर्च केले. साहेबांनी शाबासकी दिली.

पुढच्या शनिवारी मी ते मोठ्या अभिमानाने मुक्ताईंना वाचून दाखवले. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

“अवो साहेब, मालक बदलला. विहीर तीच हाय की!”

“मग मी काय लिहायचं, मुक्ताबाई?”

“नंबर द्या. नाव काय, आज सोनबाचं, उद्या डाक्टरचं. नंबर कुणी इकत घेत न्हाई.”

मी पुण्याहून ऑइलपेंटचा डबा नेला आणि त्यांनी तेवीस विहिरींच्या काठांवर स्वतःच्या हाताने आकडे रंगवले. नियमही त्यांनीच घातला: विहीर बुजली तरी तिचा नंबर दुसरीला द्यायचा नाही. “ती गेली म्हून काय झालं, तिची जागा तिचीच,” असे त्या म्हणाल्या. अहवाल दुरुस्त झाला. त्या दुरुस्तीखाली सही माझी आहे.

५. त्या सत्तावीस वर्षांच्या चौपन्न वह्या माझ्या कपाटात आहेत. मंडळात संगणक आले तेव्हा आकडे यंत्रात भरून वह्या रद्दीत काढल्या होत्या. त्या मी रिक्षाने घरी आणल्या. ज्या साहेबांनी रद्दीच्या कागदावर सही केली त्यांनाही मी माफ केलेले नाही. मात्र ते वारले आहेत, तेव्हा हे कलम त्यांना लागू करू नये.

या वह्या ~~माझ्या मृत्यूनंतर~~ मंडळाच्या विदा (म्हणजे डेटा) विभागातील रुपाली वानखेडे यांच्या ताब्यात द्याव्यात.

(वरील दोन शब्द मी खोडले आहेत. कारण कलम ९ मध्ये. – वै. रं. डि.)

६. रुपाली वानखेडे कोण, ते सांगतो. मंडळाने आमचे आकडे २००० साली इंटरनेटवर टाकले. पुढे संकेतस्थळ तीनदा नव्याने बांधले, आणि दर वेळी आकड्यांचा पत्ता बदलला. २००६ साली परदेशातल्या एका विद्यार्थिनीने मला पत्र लिहिले की तिच्या प्रबंधात दिलेला आमचा पत्ता आता कुठेच जात नाही. मी दिग्विजयला बोलावले. तो म्हणाला, “काका, लिंक डेड आहे. डेटा असेल कुठेतरी सर्व्हरवर, पण शोधणार कोण?” सत्तावीस वर्षे मोजलेले पाणी असे एका मिनिटात आटले.

२०११ मध्ये रुपालीताईंनी मला बोलावून घेतले. थंडगार खोलीत पडद्यावर चित्रे दाखवून त्यांनी समजावले की संशोधनाच्या विदेला आता एक कायमचा क्रमांक देतात. संकेतस्थळ बदलो, संस्था बदलो, क्रमांक तोच. नवा पत्ता त्या क्रमांकाखाली नोंदवायचा, म्हणजे वाचणारा बरोबर पोचतो. विदा पुढे काढून टाकावी लागली तरी तिचे पान ठेवतात, आणि क्रमांक दुसऱ्या कशालाही देत नाहीत. मी हसलो. त्या म्हणाल्या, “सर, काही चुकलं का माझं?” मी म्हणालो, “नाही हो. हे मी ऐकलंय. वाघोलीत, विहिरीच्या काठावर.”

मग त्यांनी अर्ज पुढे केला. ‘विदेचे कर्ते’ या रकान्यात मी माझे नाव लिहिले. एकट्याचे. हात सवयीने गेला. घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा लक्षात आले.

७. नावाबद्दल मला मुक्ताईंनी एकदा स्पष्ट विचारले होते. १९८६ साली आमच्या मोजणीचा ग्रंथ छापून आला तेव्हा मी एक प्रत त्यांना नेऊन दिली.

“साहेब, ह्यात माझं नाव हाय का?”

मी प्रस्तावनेतली ओळ दाखवली: ‘स्थानिक मदतनीसांचे साहाय्य झाले.’

“नाव न्हाई.”

“नियमात बसत नाही, मुक्ताबाई.”

“मग कशात बसतं?”

मी चहा संपवला आणि स्कूटर सुरू केली. मी अविवाहित होतो. त्या एकट्या होत्या. मला कोणी अडवले नव्हते. परळीला वडील होते, ते ओरडले असते, आणि वर्षभराने गप्प बसले असते. जे उत्तर मला द्यायचे होते ते मी आज सत्तावीस वर्षांनी मृत्युपत्रात लिहीत आहे: माझ्या घरात बसले असते, मुक्ताबाई. माझ्या नावाशेजारी बसले असते. माझे त्यांच्यावर प्रेम होते आणि अजून आहे.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो नाही. वही क्र. २९ मध्ये त्या तारखेला त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘विहीर ७. पानी ४.२० मीटर. साहेब आले न्हाईत.’ वह्या मी एवढी वर्षे का सोडल्या नाहीत याचे कारण ही एक ओळ आहे.

८. १९९९ मध्ये मोजणी बंद झाली. २००२ मध्ये मुक्ताईंच्या दिराने रान विकले. त्यातल्या सात नंबरच्या विहिरीवर आता एका सोसायटीचे पार्किंग आहे. तिथल्या वॉचमनने मला दोनदा हटकले. मुक्ताई बिबवेवाडीला पाण्याच्या टाकीजवळ नात्यातल्या कोणाकडे गेल्या एवढे कळले. मी तिथल्या गल्ल्या पायी पालथ्या घातल्या. त्या राहत होत्या ती खोली पाडून नवी इमारत झाली होती आणि जुन्या बिऱ्हाडांचे नाव कोणाला माहीत नव्हते. त्या आज आहेत की नाहीत, मला माहीत नाही. असल्या तर सहासष्ट वर्षांच्या असतील.

९. रुपालीताई सांगतात की नोंदीत राहून गेलेल्या कर्त्याचे नाव मागाहून घालता येते, दुसरी आवृत्ती काढता येते. कायमचा क्रमांक तोच राहतो, जुनी आवृत्तीही दिसते. म्हणजे माझी चूकही दिसत राहील, ते योग्यच. पुरावा म्हणून मूळ वह्या लागतात. म्हणून काल मी कलम ५ लिहिले: माझ्या मृत्यूनंतर द्याव्यात. रात्रभर झोप आली नाही. मी मेल्यावर नाव लागायचे, आणि उद्या मुक्ताईंच्या नात्यातल्या कोणी शाळकरी पोरीने संगणकावर ते नाव टाकून पाहिले आणि त्या मला शोधत आल्या, तर दार उघडायला कोण असणार? वाट पाहण्याचे काम मी पुरेसे केले आहे. वह्या येत्या सोमवारी रुपालीताई घेऊन जातील. वही क्र. २९ सुद्धा. तिची झेरॉक्स काढू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो आणि अर्ध्या तासाने फोन करून हो म्हणालो.

१०. माझ्या निधनाची बातमी देऊ नये. वर्तमानपत्रात फोटोच्या जागी फक्त हा संदर्भ छापावा, आणि त्याखाली तो कायमचा क्रमांक, एकही आकडा न गाळता:

मुक्ताई गेनबा भाडळे, वैजनाथ रंगनाथ डिग्रसकर. ‘वाघोली परिसरातील तेवीस विहिरींची पाणीपातळी, १९७२ ते १९९९’. आवृत्ती दुसरी. जलस्तर अभ्यास मंडळ, पुणे.

आमची नावे आजवर कोणत्याही पत्रिकेवर वा दारावर एका ओळीत आली नाहीत. इथे मध्ये फक्त एक स्वल्पविराम आहे.

११. संशोधकांनाही आता स्वतःचा सोळा आकडी क्रमांक मिळतो. नोंदीत तो नावापुढे येतो. माझा रुपालीताईंनी काढून दिला. मी म्हणालो, मुक्ताबाईंचाही काढा. त्या म्हणाल्या, “सर, तो दुसऱ्याला मागता येत नाही. ज्याचा त्याने घ्यायचा असतो.” तेव्हा मुक्ताईंच्या नावापुढची जागा रिकामी ठेवावी. माझ्या हयातीत किंवा नंतर, कोणीही, कसल्याही कारणाने ती भरू नये.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम रुपाली वानखेडे यांनी पत्करले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा कायदा आहे, म्हणून तळमजल्यावरच्या डॉक्टरांना आणि समोरच्या राधाताईंना मी काहीही देत नाही. त्यांनी राग मानू नये. लिहिलेले दोघांसमोर वाचले, दोघांसमोर सही केली. राधाताईंनी डोळे पुसले, डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहिला.

वैजनाथ रंगनाथ डिग्रसकर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. राकेश निमगावकर (सही)
२. राधा भीमराव ओव्हाळ (सही)

ठिकाण: कर्वेनगर, पुणे
दिनांक: १४ डिसेंबर २०१३, शनिवार

दुरुस्ती, दि. १६ डिसेंबर, सोमवार: चौपन्न वह्या पोचल्या. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा संपर्काच्या रकान्यात मंडळाचा नव्हे, माझ्या घरचा पत्ता घालावा, असे रुपालीताईंना लिहून दिले आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी घरीच असतो. – वै. रं. डि.