न कापलेली लगड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा हाताने ब्रोच घडवण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला. मुलाला त्याबद्दल शंका आहे, पण कायद्यात दाखला डॉक्टरांचा चालतो. माझे दुखणे बरे होण्यातले नाही, हेही त्यांनीच सांगितले. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, मागच्या कामाच्या खोलीसह, मुलीला द्यावे. मुलाचे स्वतःचे घर आहे. कामाच्या खोलीच्या खिडकीला पडदा लावू नये. रंग उजेडातच खरे दिसतात.

२. बँकेतली शिल्लक दोघा भावंडांनी निम्मी-निम्मी घ्यावी. माझ्या कामाला मुलगा आजवर "आईची भातुकली" म्हणत आला. त्या भातुकलीवरच तो शिकला, हे त्याला ठाऊक आहे. येथे फक्त नोंद राहावी. त्याच्या प्लास्टिकच्या डब्यात मी कच्ची माती ठेवली आणि डब्याचे बूड विरघळले, ही त्याची तक्रार मात्र खरी आहे. त्याला नवा डबा घेऊन द्यावा.

३. आम्ही जिला माती म्हणतो ती पॉलिमर क्ले. कच्ची असते तोवर मऊ, भाजली की टणक. तिचे परग्रह, अवकाशयाने आणि तीन डोळ्यांचे प्राणी मी घडवले आणि विज्ञानकथांच्या चाहत्यांनी ते आपल्या मेळाव्यात छातीवर मिरवले. मी स्वतः त्यातली एकही कथा वाचलेली नाही. वाचायची ती माझी नणंद, आणि चित्र जुळवायचीही तीच. "वहिनी, ग्रह कर म्हटलं तर बटाटा केलास!" असे ती म्हणायची. "वन्सं, तुम्ही जाऊन बघून आलात वाटतं?" असे मी विचारायची. मागे पिना चिकटवायचे ते माझे यजमान. ते दोघींच्या भांडणात कधी पडले नाहीत. म्हणायचे, "माझं काम पाठीमागचं."

लाटायचे यंत्र, पाती आणि छोटा ओव्हन नणंदेला द्यावा. त्या ओव्हनमध्ये कोणीही अन्न गरम करू नये.

४. मेळाव्याच्या सेक्रेटरींनी माझे टेबल दरवर्षी स्वच्छतागृहाच्या दाराशी मांडले. त्यांना वरच्या खणातला राखाडी प्राणी द्यावा. त्याला डोळा ठेवलेला नाही. का, ते त्यांना कळेल.

५. कपाटात मेणकागदात गुंडाळलेली एक हिरवी लगड आहे. ती नणंदेची.

लगड म्हणजे काय, ते मुलांसाठी लिहिते. रंगीत मातीच्या पट्ट्या आणि कांड्या शेजारी-शेजारी रचून जाड लोड करायचा, म्हणजे चित्र त्याच्या आरपार जाते. मग चारी बाजूंनी दाबत तो बारीक करायचा. आतले चित्रही बारीक होत जाते, पण दिसत नाही. दिसते ते चकत्या कापल्यावर. नणंदेचे हात थंड, म्हणून रचायचे काम तिचे. थंड हाताखाली रेघ फिसकटत नाही. माझे हात गरम, म्हणून मळायचे आणि दाबायचे काम माझे. एकीवाचून दुसरीचे चालत नव्हते.

यजमान गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात ही लगड केली. आत हिरवा ग्रह आणि वर दोन सूर्य. मी दाबून तिच्या हाती दिली. तिने टोकाकडे पाहिले आणि म्हणाली, "वाट लावलीस. सगळं कालवलंस." मी म्हटले, "कापून तर बघा." "कापायची गरज नाही," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. टोक प्रत्येक लगडीचे बिघडतेच, खरे चित्र मध्ये असते, हे मला तिनेच शिकवले होते. ज्याने दोष दिला त्यानेच कापावे, म्हणून मी आजतागायत पाते लावलेले नाही.

आता माती जुनी झाली आहे. थंड हातांनी कापली तर भुगा होईल. कोणा गरम हाताच्या माणसाने ती आधी बराच वेळ धरून ठेवावी. माझे हात तेव्हा कामाचे नसतील.

येथपर्यंत वकीलबाईंनी टाइप केले. पुढचे मी हाताने लिहीत आहे. कलम ५ ऐकून मुलीने मला न विचारता आत्याला फोन केला, आणि दुपारी नणंद दारात उभी राहिली. केस पार पांढरे झालेत. न बसताच म्हणाली, "मेल्यावर कोणाचे हात मागू? आत्ता आण ती लगड."

मी ती पदराखाली धरून बसले. माती नरमल्यावर तिने पाते लावले. पहिली चकती नुसता काला.

"टोक आहे," मी म्हटले.

"माहितीये मला." तिचा हात थांबला. "तेव्हाही माहीत होतं, वहिनी. दादा गेला होता. कोणावर तरी ओरडायचं होतं."

पुढच्या चकतीत ग्रह होता, आणि दोन्ही सूर्य जागेवर. एक जरा चपटा.

"हा तुझ्यामुळे," ती म्हणाली.

"रचला कोणी, वन्सं?"

चकत्या आता ओव्हनमध्ये आहेत. मागे लावायला यजमानांच्या पिना उरलेल्या आहेत.

शेजारचे शिंपी दुसरे साक्षीदार म्हणून यायचे होते. "मी आहे ना," असे म्हणून नणंदेने पेन घेतले. वकीलबाईंनी तिला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. ती म्हणाली, "बरं झालं. तो खडखडणारा ओव्हन हवाय कोणाला?" सबब कलम ५ आणि कलम ३ मधली तिची देणगी मी रद्द करते. लगड मी हयातीतच तिच्या हाती दिली आहे. अवजारे मुलीला मिळावीत. आत्या कामाच्या खोलीत येऊन बसली तर मुलीने तिला कशाला आलीस म्हणून विचारू नये.

ठिकाण: माझे कामाचे टेबल.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १. (सही) डॉक्टर

साक्षीदार २. (सही) मृत्युपत्र करणारीची नणंद

टीप: दुसऱ्या सहीशेजारचा हिरवा डाग साक्षीदाराच्या अंगठ्याचा आहे. ही खाडाखोड समजू नये, आणि कोणी पुसू नये.