सावलीत दिसलेली गाठ

रविवार, संध्याकाळ



शाळेत मुलींना कागद कापून साचा करायचा आणि त्यातून जलरंगाने चेहऱ्याची सावली उमटवायची, हे शिकवायचं होतं. नमुन्यासाठी सासूबाईंना खिडकीपाशी बसवलं. मावळतीचं ऊन होतं. भिंतीवर जाड कागद चिकटवला, डोक्यावरून गळ्याभोवती घेतलेला पदर त्यांना खाली घ्यायला लावला आणि सावलीच्या कडेने पेन्सिल फिरवली. कपाळ, नाक, हनुवटी झाली आणि गळ्याशी रेघ बाहेर आली. वाटलं, माझाच हात हलला. खोडून पुन्हा काढली. पुन्हा तिथेच फुगवटा.

मग सावली सोडून त्यांच्याकडे बघितलं. लिंबाएवढी गाठ!

"आई, हे काय? कधीपासून?"

"मागच्या केळी कटाईपासून. झाले काही महिने. दुखत नाही गं."

"बोलला का नाहीत?"

"दवाखान्यात नेशील, ते कापायचं म्हणतील. म्हणून नाही बोलली."

आठ वर्षं एका घरात राहतो आम्ही. रोज त्यांच्या हातचा चहा पिते. शाळेत चाळीस मुलींची नखं तपासते, आणि घरात ही गाठ मला दिसली नाही? की मी कधी नीट बघितलंच नाही?

ह्यांना सांगितलं, तर ते आईशेजारी जाऊन बसले. मग मीच डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी बोलावलंय. शाळेत सुट्टी कळवली.

सासूबाई आधी नाहीच म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "चलते. पण डाक्टरच्या खोलीत तू पण आत यायचं. बाहेर नाही बसायचं."