वीरेंद्र, रायफल घेण्याआधी

आंधळगाव,
कार्तिक सरत आला

प्रिय वीरेंद्र,

तुम्ही सगळे कसे आहात? जवाईबापूंचा, तुझ्या वडिलांचा, गुडघा काय म्हणतो? थंडी पडली की ते चुलीपुढं बसून गुडघा शेकतात आणि कोणी विचारलं तर "मले कुठं काय झालं?" म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांना विचारत बसू नको, तेल कोमट करून सरळ चोळायला घे. आमच्या सूनबाईची, साधनाची पाठ बरी आहे का? कापणीला दिवसभर वाकायचं आणि घरी येऊन पुन्हा चुलीपुढं वाकायचं, तिला म्हणावं मामानं हुकूम सोडला आहे, दोन दिवस बस. गुंजनचा पुढचा दात आला का? पडलेला दात तिनं कौलावर फेकला आणि उंदरानं नेला, हे तिनं मला फोनवर तीनदा सांगितलं. तुमच्या घरचा उंदीर भाग्याचा आहे. आणि तुझी आई? निर्मलाचा खोकला गेला का? मंडईच्या जत्रेला इकडं राहून परतली तेव्हा तिचा घसा बसला होता. अजून पहाटेच्या दवात शेताकडं जाते का? जाऊ देऊ नको. ऐकलंच नाही तर अंगावर काही लाल-पिवळं घे म्हणावं.

इकडं आमचं बरं आहे. तुझ्या मामीनं वाल सुकवले आहेत, तुमचा वाटा बाजूला ठेवला आहे. लवकर पिकणारे हलके धान घरात आले, उशिराचे भारी अजून बांधीत, शेतात उभे आहेत.

तुला नवल वाटलं असेल की मामानं फोन करायचा सोडून पत्र कशाला लिहिलं. फोन दोनदा लावला. पहिल्यांदा तू उचललास आणि मी धानाच्या भावाचं बोलून ठेवून दिला. दुसऱ्यांदा गुंजननं उचलला, स्पीकर लावला आणि घरभर ओरडली, "मधुआबाचा फोन!" मग सगळेच बोलायला लागले, तुझी आईसुद्धा. सगळ्यांच्या देखत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून लिहितो. तू सोमवारी नागपूरला रायफल घ्यायला निघणार आहेस. मी सांगितली तीच घेणार आहेस, हेही मला माहीत आहे. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मगच नीघ. मंडईच्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं असं नाही, पण ते तुझ्यासाठी नव्हतं. ते माझ्यासाठी होतं.

पीक संरक्षणाच्या परवान्यासाठी तू किती खेटे घातलेस ते मी पाहिलं आहे. परवाना हाती आला, रानडुकरांसाठी वनखात्याची परवानगी झाली, तेव्हा तू पेढे घेऊन थेट इकडं आलास. रीतीप्रमाणं मी तुझ्या पाया पडलो. आपल्याकडं भाचा केवढासाही असला तरी मामा त्याच्या पाया पडतो, आणि तू लहानपणापासून दरवेळी पाय मागं ओढून घेतोस, त्या दिवशीही घेतलेस. मग आपण मारोतरावाच्या पानठेल्यावर गेलो. मंडईची गर्दी, तिथं अर्धं गाव. तू सरळ मनानं विचारलंस, "मामा, आजवर मी छऱ्याच्या बंदुकीपलीकडं काही धरलं नाही. कोणती घेऊ? तुमी सांगाल थेच घेतो."

मी काही बोलायच्या आत मारोतरावानं चुना लावता लावता टोमणा हाणला, "याले काय पुसतं गा? याच्या बंदुकीले आता चष्मा लागला. मालकाचे डोरे गेले, म्हणून बंदुकीले लावला!" सगळे हसले. तूही हसलास, पण माझ्याकडं पाहून थांबलास. माझ्या रायफलीवर गेल्या साली मी दुर्बीण बसवून आणली, त्यावर ते बोलणं होतं. त्यावर हसून सोडायचं ना मी? पण नाही. मी तिथंच उभं राहून भाषण ठोकलं. म्हटलं, माझी तीनशे पंधरा बोरची रायफल आता जुनी झाली, भाच्यानं तीस-झिरो-सहा घ्यावी, सेंटरफायरमध्ये तिच्यासारखी मार करणारी नाही. बुडाशी मधोमध टोपी असलेलं हे एवढं काडतूस, बोटानं लांबी दाखवली. आणि वर बारा पटींची दुर्बीण हवी, म्हणजे शेताच्या या धुऱ्यावरून, या बांधावरून, त्या धुऱ्यावरच्या डुकराचे दात मोजता येतील. तू खिशातून पेन काढून हातावर लिहून घेतलंस. मला किती बरं वाटलं ते आता आठवलं की ताटावरून उठतो.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते ऐक. मारोतराव खरंच बोलला होता. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला आहे. तुझी मामी दोन वर्षांपासून म्हणते, "भंडाऱ्याले चाला, दाखवा." मी म्हणतो, कापणी होऊ दे, पेरणी होऊ दे. दवाखान्याची भीती नाही मला. एवढंच, की या पंचक्रोशीत डुक्कर आलं की लोक माझं नाव घेतात, आणि डोळ्यावर पट्टी बांधून ओट्यावर बसलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही. म्हणून मी डोळ्याचं औषध नागपूरच्या बंदूकवाल्याकडं शोधलं. दुर्बिणीतून सारं मोठं दिसायला लागलं आणि मी स्वतःला पटवलं की मला दिसतं. माझं सगळं बंदुकीचं ज्ञान वाचून आणि करून आलेलं, कोणी शिकवलेलं नाही. म्हणूनच असेल, चुकलो तर चुकलास म्हणणारंही कोणी नव्हतं. अरे, धुक्यात धरलेलं भिंग धुकंच मोठं करून दाखवतं. मला मोठं दिसत होतं, नीट दिसत नव्हतं.

मंडईनंतरची गोष्ट. रात्री डुकरांनी बोडीखालची, आपल्या छोट्या तळ्याखालची, भारी धानाची बांधी लोळवली होती. उजाडता उजाडता मी रायफल घेऊन गेलो. गार, दवाची सकाळ. बोडीवरून वाफ निघत होती. कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोरीच्या डाळीचं पीक वीतभर आलं होतं. मी बोडीच्या पारीवर, तिच्या मातीच्या बांधावर चढलो आणि खाली पाहिलं. लाखोरीत काहीतरी करडं-काळं हलत होतं. थांबत, पुढं सरकत, पुन्हा थांबत, अगदी डुक्कर मुळं उकरतं तसं. साध्या डोळ्यांनी मला तेवढंच कळलं. आता शहाण्या माणसानं काय करावं? थांबावं, हाक मारावी, जवळ जावं. मी काय केलं? ते काय आहे हे पाहायला रायफल खांद्याला लावली. वीरेंद्र, हे नीट वाच. पाहायला म्हणून मी नळी रोखली. गेलं वर्षभर मी हेच करत होतो. पलीकडं बैल कोणाचा चरतो, सडकेनं एसटी गेली की ट्रक, सारं मी भरल्या बंदुकीतून पाहत होतो आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटतसुद्धा नव्हतं.

दुर्बीण पुऱ्या बारा पटींवर होती. एवढ्या जवळून बारा पटीत डोकं दिसत नाही, पाय दिसत नाहीत. वाटोळ्या काचेत नुसते केस दिसले, करडे, राठ, दवानं उभे राहिलेले. मी म्हटलं, मादी आहे, मोठी आहे. सेफ्टी सरकवली. श्वास धरला. चाप अर्धा आला होता. तेवढ्यात ते अंग काचेतून वर निघून गेलं आणि खाली काचेत एक हात उरला, कमरेवर उलटा टेकवलेला, त्यात हिरवी बांगडी. ते डुक्कर नव्हतं. घोंगडी पांघरून लाखोरीची भाजी खुडणारं माणूस होतं, पाठ भरून आली म्हणून उभं झालं होतं. आणि ती घोंगडी माझीच होती. माझ्याच दारामागच्या खुंटीवरची, मी कितीदा पांघरलेली. तिचे केस मला ओळखू आले नाहीत.

ते माणूस कोण, हे लिहायला हात वळत नाही. आधी तुझ्या कामाचं लिहितो. सल्ला द्यायला तोंड राहिलं नाही, पण एकदा चुकीचा दिला तर बरोबरही मलाच द्यावा लागेल. दिघोरीच्या तुमच्या बांध्या लहान आणि सपाट. चारी बाजूंनी धुऱ्यांवर माणसं, कोणी गवताला, कोणी खेकड्याला, कोणी उगाच. तीस-झिरो-सहाची गोळी डुकराला लागून थांबेल अशा भरवशावर राहू नको, हुकली तर पुढच्या गावाची काळजी करावी लागेल. पाण्यावर, दगडावर आपटली तर कुठं उसळेल ते तिचं तिला माहीत. तुला बारा बोरची दुनळी पुरेल. रायफलच हवी असेल तर तीनशे पंधरा घे, जवळच्या माराला ती भरपूर झाली. तिलाही जोर काही कमी नाही, म्हणून मचाणावरूनच चालव, म्हणजे नळी खाली राहील आणि गोळी मातीत जाईल. दुर्बीण नकोच. घेतलीस तर दोन पटींच्या आसपासची घे, ज्यात जनावर अख्खं दिसतं आणि त्याच्या बाजूचंही दिसतं. आणि पाहायला गळ्यात वेगळी दुर्बीण अडकव, दोन डोळ्यांची. माझी आहे ती पाठवतो. आधी तिनं पाहायचं, डोकं, शेपटी, चार पाय. पटलं तरच बंदुकीला हात. शंका असेल तर खाऊ दे डुकराला धान. धान पुन्हा पेरता येतं.

माझी रायफल मी ठाण्यात जमा करून आलो. मामीला म्हटलं, दुरुस्तीला दिली. पुढच्या आठवड्यात डोळा दाखवायला भंडाऱ्याला जातो आहे. तेही तिला वाटतं की तिच्या बोलण्यानं. वाटू दे, एवढ्या वर्षांत कधी नव्हे ते तिचं ऐकलं म्हणून खूश आहे. मारोतरावाच्या ठेल्यावर मात्र जाववत नाही. त्यानं निरोप पाठवला, "मधुले मनावं, पान खायले ये, मी काही बोलत नाही." त्याच्यावर राग नाही रे माझा. तो पुन्हा हसला तर मी रडेन, ही भीती आहे.

वीरेंद्र, कमरेवर उलटा हात टेकवून उभं राहायची सवय आमच्या आईची होती. आता ती सवय असलेलं एकच माणूस जगात आहे. ती वळली, पारीवर मला पाहिलं, आणि ओटीतली भाजी दाखवत ओरडली, "काहून गा भाऊ, डुकरं आले काय?" तोवर माझी नळी खाली गेली होती. मी म्हटलं, "नाही, गेले." ती हसली आणि म्हणाली, "वीरूले लाखोरीची भाजी लय आवडते, कवळी कवळी खुडून नेतो त्याच्यासाठी." घरी येताना ती पुढं चालत होती, ओटी सावरत, तुझंच काहीबाही सांगत, आणि मी भरली रायफल घेऊन तिच्या मागं. गोळी काढायचंही सुचलं नव्हतं. भाऊबीजेला जिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्या पाठीकडं मी घरापर्यंत पाहत आलो. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, "मामा, भाजी एक नंबर झाली!" आणि मी म्हटलं, "खा बाबा, खा." हे तुझ्या आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझी हिंमत नाही आणि तुझ्यापासून लपवायचीही नाही, कारण तुझ्या हातावर मी जे लिहायला लावलं ते पुसायला दुसरा उपाय मला दिसला नाही. यापुढं भेटशील तेव्हा मी पाया पडेन, आणि त्या दिवशी तेवढे पाय मागं घेऊ नको. रागावला असशील तर तसं लिही, दोन शिव्या लिही, पण सोमवारच्या आत दोन ओळी पाठव. पोस्टमन आला की मी दारातच उभा असतो.

तुझाच,
मधुमामा